डिटेन्शन की डिव्होशन: एकच घ्यायचा तर कोणता?

तैवानच्या रेड कँडल गेम्सचा एकच हॉरर गेम घ्यायचा असेल, तर निवड दोघांतच आहे: २०१७चा ‘डिटेन्शन’ आणि २०१९चा ‘डिव्होशन’. दोन्ही तीन-चार तासांत संपतात, त्यामुळे लांबी बघून ठरवण्यात अर्थ नाही.

डिटेन्शन १९६०च्या दशकात घडतो. मार्शल लॉ, म्हणजे लष्करी राजवट, लागू आहे, बंदी असलेली पुस्तकं वाचणाऱ्यांची नावं वर कळवली जातात, आणि डोंगरातल्या शाळेत वादळात अडकलेल्या रे या मुलीने काय केलं ते हळूहळू उलगडत जातं. तैवानने १९४९ ते १९८७ भोगलेला तो काळ इतक्या जवळून दाखवणारा दुसरा गेम माझ्या पाहण्यात नाही.

माझं घोडं अडतं ते भुतांपाशी. भूत दिसलं की श्वास रोखून त्याच्या बाजूने सरकायचं. भाताची वाटी ठेवली तर ते तिथे गुंततं. कंदीलवालं उंच भूत आलं की तोंड फिरवून, श्वास रोखून उभं राहायचं. श्वास रोखला की चाल मंदावते, आणि दम संपला की सापडलात. पहिल्यांदा छातीत धडधडतं. पण युक्ती हातात बसली की भूत म्हणजे नुसता खोळंबा: कोड्यासाठी त्याच वर्गावरून पुन्हा जायचं, पुन्हा श्वास रोखायचा. उत्तरार्धात भुतं जवळपास गायब होतात आणि गेम तिथेच खरी पकड घेतो, यातच काय ते आलं.

डिव्होशनमध्ये हा खोळंबा नाही. १९८०च्या दशकातल्या तैपेईतला साधा फ्लॅट. पटकथालेखक बाप, पूर्वी नाव कमावलेली गायिका आई, आजारी मुलगी. तेच घर १९८०, १९८५ आणि १९८६ अशा तीन काळांत उघडतं आणि एका वर्षात सापडलेली वस्तू दुसऱ्या वर्षात वापरायची असते. टीव्हीवरची गाण्याची स्पर्धा, मुलीची कागदी ट्यूलिपची फुलं, घरभर पडलेल्या चिठ्ठ्या, सगळं थांबून वाचा. घाई केलीत तर अर्धी गोष्ट हातून जाते. पळापळीचा प्रसंग एखादाच. भीती वाटते ती बापाची: डॉक्टरांचं सोडून एका पंथाच्या नादी लागलेला हा माणूस काय करून बसेल याची. आपल्याकडची बुवाबाजी पाहिलेल्याला ती फार लवकर भिडते. फर्स्ट-पर्सन कॅमेऱ्याने, म्हणजे पात्राच्याच डोळ्यांतून बघताना, डोकं गरगरत असेल, तर मात्र जपून.

आता वाद. १९ फेब्रुवारी २०१९ला डिव्होशन स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात आला आणि दोन-तीन दिवसांतच एका मंतरलेल्या कागदावरचा लाल शिक्का लोकांनी वाचला: चीनचे राष्ट्राध्यक्ष शी चिनफिंग यांचं नाव आणि त्याला जोडून विनी द पूह, म्हणजे त्यांची खिल्ली उडवायला वापरलं जाणारं कार्टून अस्वल. तात्पुरतं चित्र चुकून राहिलं, असं सांगून स्टुडिओने माफी मागितली, चित्रही बदललं. तरी चीनमधून नकारात्मक रिव्ह्यूंचा पाऊस पडला आणि आठवड्याभरात गेम स्टीमवरून उतरला. चिनी प्रकाशक इंडीव्हेंटचा परवाना रद्द झाला. डिसेंबर २०२०मध्ये जीओजी या दुसऱ्या ऑनलाइन दुकानाने विक्री जाहीर करून काही तासांत माघार घेतली. शेवटी मार्च २०२१मध्ये रेड कँडलने स्वतःचं ऑनलाइन दुकान काढून तो विकायला ठेवला. सरकारी दडपशाहीवरचा डिटेन्शन विक्रीत राहिला आणि एका घराची गोष्ट मात्र एका शिक्क्यापायी दोन वर्षं अडकली, याचं मला अजून वाईट वाटतं.

फोनवर किंवा निन्टेंडोच्या स्विच कन्सोलवर खेळायचं असेल, किंवा इतिहासाची ओढ असेल, तर डिटेन्शन घ्या. पैसे वाया जाणार नाहीत. कुणाला भुतांचा तो लपंडाव आवडेलही. माझं पारडं डिव्होशनकडे झुकतं.

तो विंडोज आणि मॅकसाठी आहे आणि स्टुडिओच्याच दुकानातून घ्यावा लागतो. २०२१मध्ये किंमत १६.९९ डॉलर होती. भारतातलं कार्ड असेल तर आंतरराष्ट्रीय व्यवहार आधी सुरू करून घ्या, नाहीतर पेमेंट अडतं. गेमला डीआरएमचं (कॉपी रोखणारं) कुलूप नाही, म्हणून इन्स्टॉलर उतरवल्यावर त्याची एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा. खेळ कुठवर आला ते ऑनलाइन जपणारं स्टीमचं क्लाउड सेव्ह इथे नाही. कॉम्प्युटर फॉरमॅट करण्याआधी सेव्ह फाइलही तिथेच कॉपी करा.