एबीए थेरपी : चौदा महिन्यांच्या अनुभवानंतरचे मत

आमच्या मुलाला स्वमग्नता असल्याचे निदान तो साडेतीन वर्षांचा असताना झाले आणि त्यानंतर चौदा महिने आम्ही त्याला एका केंद्रात एबीए, म्हणजे उपयोजित वर्तन विश्लेषणावर आधारलेल्या थेरपीसाठी नेत होतो.

तो स्वतःचे मनगट चावत असे. आम्ही त्याला हट्ट समजत होतो. थेरपिस्टने मात्र पहिले दोन आठवडे काहीही शिकवले नाही. चावण्याच्या लगेच आधी काय घडले, त्याने काय केले आणि त्यानंतर त्याला काय मिळाले, एवढेच त्या प्रत्येक वेळी लिहून ठेवत. त्या नोंदी समोर ठेवल्यावर दिसले की अवघड काम पुढे आले की तो चावतो आणि चावला की काम बाजूला होते. ‘नको’ म्हणायला त्याच्याजवळ दुसरे साधनच नव्हते! मग त्याला ‘थांबूया’चे चित्रकार्ड द्यायला शिकवले गेले, सुरुवातीला हाताला धरून, नंतर केवळ कोपराला स्पर्श करून, शेवटी कसल्याही मदतीशिवाय. तो कार्ड देई तेव्हा काम खरोखरच थांबवले जाई, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. तीन महिन्यांत चावणे जवळजवळ बंद झाले. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड या मानसशास्त्रज्ञांनी 1985 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात हीच पद्धत मांडली होती.

माझी तक्रार उद्दिष्टांबद्दल आहे. डोळ्यांत पाहायला लावणे आणि आनंदाने हात फडफडवणे थांबवणे ही दोन उद्दिष्टे आराखड्यात होती. त्याच्या हात फडफडवण्याने कोणाला इजा होते, या माझ्या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही आणि दोन बैठकांनंतर ती दोन्ही वगळण्यात आली. लहानपणी ही थेरपी घेतलेल्या अनेक स्वमग्न प्रौढांनी, आपले स्वाभाविक वागणे सतत लपवत राहण्याचा किती त्रास झाला, हे सांगितले आहे. पालकांनी ते ऐकलेच पाहिजे. या थेरपीच्या आरंभीच्या काळात, 1960 च्या दशकात, ती स्वमग्न मुलांसाठी वापरणारे मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांनी मुलांवर चापटी आणि विजेच्या धक्क्यांचाही वापर केला होता, हेही पालकांपासून लपवू नये.

आठवड्याला 40 तास घ्यावेत, असा केंद्राचा आग्रह होता आणि त्यासाठी लोवास यांच्याच 1987 च्या अभ्यासाचा दाखला दिला गेला. त्यात 19 पैकी 9 मुलांची बुद्ध्यांक आणि शालेय प्रगती सर्वसामान्य पातळीवर पोहोचल्याचे नोंदवले आहे, परंतु मुलांची गटवारी यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारख्या, पद्धतीने झालेली नव्हती, त्यामुळे तो निष्कर्ष जपूनच घ्यावा लागतो. आम्ही 12 तासांवरच थांबलो, कारण दुपारची झोप आणि मनासारखे खेळणे यांवरही त्याचा हक्क आहे.

थेरपिस्ट तीनदा बदलल्या आणि प्रत्येक बदलानंतर काही आठवडे वाया गेले. तरीही सेशनमध्ये पालकांना बसू देणारे आणि मुलाचा नकार मानणारे केंद्र मिळत असेल, तर ही थेरपी घ्यावी असे मी सांगेन. दार बंद करून शिकवणाऱ्या केंद्रात मी माझ्या मुलाला पाठवणार नाही.