‘एक्स्ट्रॅक्ट क्लास’: दहा महिन्यांच्या वापरानंतर, आणि फेरफाराची एक तक्रार

क्लास म्हणजे प्रोग्राममधली माहिती (फील्डे) आणि तिच्यावर काम करणारे कोडचे तुकडे (मेथडी) एकत्र ठेवणारा कप्पा; तो फुगला की त्यातला भाग काढून दुसरा क्लास करणे म्हणजे ‘एक्स्ट्रॅक्ट क्लास’. ते कसे करतात हे वाचणाऱ्यांना ठाऊक आहे असे धरून चालतो. हा अनुभव रत्नागिरीतल्या एका आंबा व्यापाऱ्यासाठी मी एकटा सांभाळत असलेल्या जावा प्रोग्रामचा आहे, आणि त्यातही ‘पट्टी’ या एकाच क्लासचा. बागायतदाराचा माल विकला गेल्यावर वाहतूक, हमाली, रिकाम्या खोक्यांचे पैसे आणि आधी घेतलेली उचल वजा करून त्याच्या हाती जो हिशेबाचा कागद पडतो ती पट्टी. तो कागद तयार करणारा क्लास २,९०० ओळींचा आणि ६१ फील्डांचा झाला होता.

गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात मालकांनी पाच डझनांच्या लाकडी पेटीबरोबर एक डझनाचे पुठ्ठ्याचे खोके सुरू केले. साठा बरोबर दिसावा म्हणून मी ‘एकूणनग’ या फील्डमध्ये पेट्यांऐवजी खोकी मोजू लागलो. हमाली काढणारी मेथडही तेच फील्ड वाचत होती हे मला पावसच्या एका वयस्क बागायतदारांच्या फोनवरून कळले. “पाच डझन आंबे उचलायला पाच हमाल लावलेत काय रे?” एवढेच ते म्हणाले. त्या दिवशी दुरुस्त केलेल्या पट्ट्या पुन्हा छापण्याचा कागद माझ्या खिशातून गेला, आणि क्लास फोडायचा निर्णय खरे तर तिथेच झाला.

हंगामात हात लावला नाही. जूनमध्ये पाऊस लागला आणि खोकी संपली, तेव्हा सुरुवात केली. आदल्या हंगामातल्या २०० पट्ट्या जुन्या कोडमधून काढून साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवल्या आणि प्रत्येक बदलानंतर नवे उत्तर त्यांच्याशी अक्षरन् अक्षर ताडून पाहिले. यातच कळले की जुना कोड प्रत्येक वजावट वेगवेगळी रुपयात पूर्ण करतो, त्यामुळे बेरीज कधी रुपयाने, कधी दोन रुपयांनी हलते. ते चूक आहे, तरी मी तसेच ठेवले. रिफॅक्टरिंगमध्ये, म्हणजे कोडची मांडणी सुधारताना, त्याची वागणूक बदलायची नसते, आणि हिशेब चुकते झालेल्या दोनशे माणसांशी रुपयावरून वाद घालण्याची माझी तयारी नव्हती.

कुठे कापायचे हे सांगणारे पैसे भरून मिळणारे साधन होते; त्याची वर्षाची वर्गणी पाहून मी चाळीस रुपयांची वही आणली. डाव्या बाजूला फील्डे, वर मेथडी, आणि जी मेथड ज्या फील्डला हात लावते तिथे खूण. चिदंबर आणि केमेरर यांनी १९९४ मध्ये मांडलेला संलग्नतेच्या अभावाचा मापदंड हाच हिशेब आकड्यात करतो: एकही फील्ड सामाईक नसलेल्या मेथडांच्या जोड्या मोजायच्या आणि त्यांतून सामाईक फील्ड असलेल्या जोड्या वजा करायच्या. आकडा मोठा आला की क्लास विस्कळीत आहे एवढे समजते, पण सुरी कुठे चालवायची ते समजत नाही. वहीत मात्र उचलीची चार फील्डे आणि सहा मेथडी एका कोपऱ्यात आपापसात खुणा करून बसलेल्या सरळ दिसल्या. ‘उचलखाते’ हा क्लास दोन संध्याकाळींत बाहेर पडला. त्या जुलैत मला कोणी विचारले असते, तर मी या पद्धतीला पैकीच्या पैकी गुण दिले असते.

सप्टेंबरपर्यंत मत उतरले. हुरूप येऊन मी १४ क्लास केले होते आणि एका पट्टीचा माग काढायला सात फाइली उघडाव्या लागत होत्या. छपाईच्या क्लासने तर वेगळी चूल मांडली, पण मीठ-मिरचीसाठी तो अकरा गेटरांतून (फील्डची किंमत बाहेर देणाऱ्या मेथडींतून) ‘पट्टी’च्या मोठ्या घरी येतच राहिला. एकाच मेथडीसाठी जन्मलेले पाच क्लास मी परत मूळ ठिकाणी मिसळले. शिवाय फोडल्याने कोडमधले ‘असे असेल तर’चे फाटे कमी होत नाहीत, ते फक्त विखुरतात. मॅकेब यांनी १९७६ मध्ये असे फाटे मोजून सुचवलेल्या १० च्या मर्यादेत प्रत्येक मेथड आली, पण ‘पेटी असेल तर, खोके असेल तर’ हा प्रश्न नऊ ठिकाणी जसाच्या तसा होता. तो संपला तो ‘बांधणी’ नावाचा इंटरफेस (अनेक क्लासांनी पाळायचा मेथडींचा करार) करून पेटी आणि खोके यांना आपापली हमाली स्वतः सांगायला लावल्यावर.

आता माझी खरी तक्रार, जिच्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. कोकणात जमिनीची वाटणी झाली की सातबाऱ्यावर नवे नाव येते, पण फेरफार क्रमांकावरून मागे जाता येते. इथे मी ओळी नव्या क्लासमध्ये नेल्या आणि गिट ब्लेममध्ये (कोणती ओळ शेवटी कोणी, कधी बदलली हे दाखवणाऱ्या आज्ञेत) प्रत्येक ओळीवर माझे नाव व जुलैची तारीख आली. रुपयात पूर्ण करण्याची ती पद्धत मुळात कोणी आणि का घातली, हे आधीच्या प्रोग्रामरने कमिटच्या (नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात लिहून ठेवले होते. तिथे पोहोचायला मला अर्धा दिवस लागला. ब्लेमला मोठ्या सीचा (-C) पर्याय दिला तर तो दुसऱ्या फाइलींतून आलेल्या ओळी ओळखतो, पण एकदाच दिला तर फक्त त्याच कमिटमध्ये बदललेल्या फाइलींत शोधतो. मी मात्र सावधगिरी म्हणून एका कमिटमध्ये मेथड नव्या क्लासमध्ये उतरवत होतो आणि पुढच्या कमिटमध्ये जुन्यातून काढत होतो. या सावधगिरीनेच माग तुटला. तोच पर्याय तीनदा दिल्यावर माग लागला, पण उत्तराची वाट पाहावी लागली. आणखी एक मेख अशी की काही सांगितले नाही तर निदान ४० अक्षर-अंक हलल्याशिवाय तो स्थलांतर मानत नाही, त्यामुळे दोन शब्दांच्या मेथडी माझ्याच नावावर राहिल्या. आता हलवणे आणि काढणे एकाच कमिटमध्ये करतो, आणि त्या कमिटमध्ये नाव किंवा मोकळी जागासुद्धा बदलत नाही. या एका गोष्टीसाठी मी दोन गुण कापतो. माझ्या मते ते थोडेच आहेत.

यंदा मार्चमध्ये खोक्याच्या हमालीचा दर बदलला, तेव्हा एका क्लासमधल्या तीन ओळी बदलल्या आणि साठ्याला काही झाले नाही. ‘पट्टी’ आता ७०० ओळींची आहे. छपाईचे अकरा गेटर अजून तसेच आहेत. त्यांची पाने वहीत दुमडून ठेवली आहेत आणि जूनपर्यंत ती उघडणार नाही.