टी सेलच्या अँटीबॉडी: माल एक नंबर, डिलिव्हरीचं बघा जरा

आमच्या नाशिकच्या लॅबला टी सेल (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशी लेझरने एकेक तपासणाऱ्या मशीनवर, मोजायला सीडी३ फिट्सी, सीडी४ पीई, सीडी८ एपीसी आणि सीडी४५आरए पीई-साय७ असं अँटीबॉडींचं पॅनल (सीडी म्हणजे पेशीवरची खूण, पुढचं नाव तिला चिकटणाऱ्या अँटीबॉडीवरच्या चमकत्या रंगाचं) मागवलं होतं आणि खरं सांगते, पहिला प्लॉट बघूनच जीव खूश झाला. सीडी३ वर गेट लावला, म्हणजे ती खूण असलेले टी सेलच निवडले, की सीडी४ वाले हेल्पर एकीकडे, सीडी८ वाले किलर दुसरीकडे, मधे जवळजवळ काहीच नाही! सीडी३ सोडून नुसत्या सीडी४ वर जाऊ नका हं, मोनोसाइटवर (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) पण ते थोडं असतंच. फिट्सी आणि पीई दोन्ही ४८८ नॅनोमीटरच्या लेझरवर चालतात, फिट्सीचा उजेड पीईच्या चॅनलमध्ये सांडतो, त्यामुळे सिंगल स्टेन कंट्रोल (एकेकच रंग लावलेले नमुने) लावून कॉम्पेन्सेशन, म्हणजे सांडलेल्या उजेडाची वजाबाकी, करायलाच लागतं. आणि नाइव्ह सेल (अजून कुठल्या जंतूशी गाठ न पडलेले) मोजायचे असतील तर सीडी४५आरए एकटं पुरत नाही, काही इफेक्टर मेमरी सेल (आधी गाठ पडून गेलेले) ते परत दाखवतात, सोबत सीसीआर७ ही दुसरी खूण घ्याच, ३७ अंशाला स्टेन केलं की ते जास्त उठून दिसतं.

राग आहे तो कुरिअरवर. ऐन मे महिन्यात पार्सल दुपारभर अंबडला पडून, आइस पॅकचं पार पाणी. पीई-साय७ हा टँडम डाय (दोन रंग जोडून केलेला), उन्हातान्हात तुटला की पीईमध्ये खोटा सिग्नल देतो, म्हणजे हेल्परचे आकडेच चुकणार ना. विक्रेत्याने कुरकुर न करता ती वायल बदलून दिली. पुढची ऑर्डर थंडीतच टाकणार, आणि तुम्ही पण २ ते ८ अंशाला, अंधारात ठेवा, फ्रीझरमध्ये अजिबात नको.