आधी बाळ की आधी बढती?
शेजारच्या टेबलावरची मैत्रीण सत्ताविसाव्या वर्षी आई झाली, मी छत्तिसाव्या. दोघी नाशिकमधल्या सातपूरच्या एकाच कारखान्यात. कायद्याने २६ आठवड्यांची पगारी रजा दोघींना सारखीच.

ती परतली तेव्हा तिचं काम दुसऱ्याकडे गेलेलं. बढती चार वर्षं लांबली. पण इंदिरानगरात सासूबाई धडधाकट, बाळाची काळजी नाही.

माझ्याकडे पद होतं, पगार होता. पस्तिशीनंतर गर्भ राहण्याची शक्यता झपाट्याने घटते, म्हणून गंगापूर रोडच्या दवाखान्यात वर्षभर चकरा. आणि माझ्या बाळाच्या आजीबाई सत्तरीच्या, गुडघे धरून बसलेल्या! ५० कर्मचाऱ्यांपासून पाळणाघर सक्तीचं; आमच्याकडचं म्हणजे दोन पाळणे आणि दाराला कुलूप. मला विचाराल तर तिचा सौदा स्वस्तात पडला.