कांगारू पॉ घेताना: फुललेली 'बुश पर्ल' की साधी फ्लाविडस?

ऑस्ट्रेलियातल्या नर्सऱ्यांत वसंत आला की कांगारू पॉ या फुलझाडाच्या गुलाबी 'बुश पर्ल' जातीच्या कुंड्या अगदी दारात मांडतात. कुंडीतल्या शोभेला हे झाड सुंदरच आहे: उंची जेमतेम अर्धा मीटर, फुलोरा कितीतरी महिने. पण एकाची चार झाडं करायची असतील, तर ते घेऊ नका. बुटक्या जाती बहुधा दोन-तीन वर्षांत थकतात आणि कंद वाटून लावण्याइतका भरत नाही. संकरित असल्यामुळे बी धरलं तरी रोप मूळ झाडासारखं निघत नाही.

त्याऐवजी ट्यूबमधली (म्हणजे छोट्या उभट कुंडीतल्या रोपाची), नुसत्या पानांची आनिगोझँथोस फ्लाविडस घ्या. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या नैऋत्य भागातली ही मूळ जात. फुलांचे दांडे दोन मीटरपर्यंत जातात, जड मातीही ती सोसते आणि पानं काळी पाडणारा बुरशीचा 'इंक डिसीज' तिला कमी छळतो. सिडनीच्या दमट हवेत हा गुण फार मोलाचा. कांगारू पॉची लाल-हिरवी मँगलेसी जात, म्हणजे 1960 पासूनचं पश्चिम ऑस्ट्रेलियाचं राज्यफूल, रूपाने सगळ्यांत देखणी. पण बागेत ती फार टिकत नाही. हंगामी समजूनच लावावी.

फ्लाविडसची विभागणी मार्च-एप्रिलमध्ये, म्हणजे तिथल्या शरदात करा, झाड तीनेक वर्षांचं झाल्यावर. आधी पानं 10-15 सेंमीवर छाटा. तुटलेल्या मुळांना सगळ्या पानांची तहान भागवता येत नाही. मग अख्खा गड्डा उपसून माती धुवा आणि धारदार सुरीने तुकडे करा. प्रत्येक तुकड्याला पानांचे दोन-तीन पंखे (एका बुडातून पंख्यासारखे पसरलेले पानांचे झुपके) आणि स्वतःची मुळं हवीतच. एकेका पंख्याचे तुकडे केले तर बरेचसे वाळतात. लावताना कंद पूर्वीइतकाच खोल ठेवा. पंख्यांचं बूड मातीत गाडलं गेलं की ते कुजतं, आणि बहुतेक रोपं इथेच जातात. निचरा चांगला हवा, जागा पूर्ण उन्हाची, खत कमी स्फुरदाचं.

प्रत्येक पंखा एकदाच फुलतो. फुलं सरल्यावर नुसता दांडा कापून थांबू नका, फुललेला पंखा बुडापासून काढा. तसाच ठेवला तर तो काळवंडतो आणि आत गोगलगायी दडतात.

ट्यूब निवडताना उंची पाहू नका, बुडाचे फुटवे मोजा. दोन-तीन असतील तीच उचला. पानांवर काळे डाग दिसले तर परत ठेवा.