पुण्यातला फ्लॅट, अमेरिकेतला मालक: भाड्याचा हिशेब दोन देशांत

अमेरिकेत राहून पुण्यातला फ्लॅट भाड्याने द्यावा की कुलूप लावून ठेवावा, या विचारात असाल तर एक गोष्ट पक्की धरा: भाडं दोन्ही देशांच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. घर भारतात आहे म्हणून पहिला हक्क भारताचा. अमेरिका आपल्या करदात्यांच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावते आणि भारतात भरलेल्या कराचं क्रेडिट देते. गोंधळ होतो तो हिशेबाच्या पद्धतीत.

समजा, भाडं महिना 40,000, म्हणजे वर्षाला 4,80,000 रुपये. गृहकर्ज नाही. भारतात आधी महापालिकेला भरलेला मिळकत कर, समजा 20,000, वजा होतो. उरलेल्या रकमेतून सरसकट 30 टक्के जातात, पावत्या कोणी मागत नाही. पण सोसायटीचा मेंटेनन्स, रंगकाम, दलाली यांचं वेगळं काही मिळत नाही. करपात्र राहतात 3,22,000. भारतात दुसरं उत्पन्न नसेल, तर नव्या करप्रणालीतल्या 4 लाखांच्या मर्यादेमुळे कर शून्य.

अमेरिकेत शेड्यूल ई (रिटर्नमधला भाड्याच्या उत्पन्नाचा तक्ता) भरताना सरसकट वजावट नाही, प्रत्येक पावती जपायची. मेंटेनन्स 48,000, दुरुस्ती 12,000, मिळकत कर 20,000 आणि वर घसारा, म्हणजे इमारतीची किंमत ठरलेल्या वर्षांत विभागून दरवर्षी मिळणारी वजावट. परदेशातलं घर 2017 नंतर भाड्याने द्यायला सुरुवात केली असेल तर ही विभागणी 30 वर्षांत, आधी केली असेल तर 40. जमिनीचा वाटा वगळून इमारतीची किंमत 60 लाख असेल तर वर्षाला 2,00,000. उरतात 2,00,000, 24 टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर फेडरल कर 48,000 रुपये, राज्याचा निराळा. (इथे सोयीसाठी सगळं रुपयांत मांडलंय, घसारा खरेदीच्या वेळच्या डॉलरदराने निघतो, त्यामुळे जुन्या खरेदीत तो आणखी मोठा असतो.) घसारा घेतला नाही तरी विक्रीच्या वेळी तो घेतल्यासारखाच धरतात, म्हणून सोडू नका.

आता टीडीएस, म्हणजे भाडं हातात येण्याआधीच कापला जाणारा कर, जिथे सगळ्यात जास्त नुकसान होतं. मालक अनिवासी असेल तर भाडेकरूने पहिल्या रुपयापासून 31.2 टक्के कापायचे असतात, म्हणजे वरच्या उदाहरणात 1,49,760. त्यासाठी त्याला टॅन (कर कापणाऱ्याचा क्रमांक) काढावा लागतो, दर तिमाहीला विवरण भरावं लागतं. पुष्कळ भाडेकरू इथेच मागे हटतात. कापलेली रक्कम तुमचा कर नव्हे. कर शून्य असेल तर ती रिटर्न भरून परत मिळते, आणि जी परत मिळणार तिचं क्रेडिट अमेरिकेच्या फॉर्म 1116 वर (परदेशी कराचं क्रेडिट मागायचा फॉर्म) घेता येत नाही. टीडीएसचं सर्टिफिकेट बघून अख्खा आकडा तिथे टाकणारे खूप आहेत; ते चूक आहे. आयकर खात्याकडून कमी दराने कापण्याचं प्रमाणपत्र आधीच काढलं तर वर्षभर पैसे अडकत नाहीत.

वर्षही जुळत नाही. भारताचं एप्रिल ते मार्च, अमेरिकेचं जानेवारी ते डिसेंबर. भारतातला रिटर्न जुलैअखेर, अमेरिकेचा 15 एप्रिलला. मी तर अमेरिकेत ऑक्टोबरपर्यंत मुदतवाढ घ्यावी असंच म्हणेन, म्हणजे भारतातला अंतिम कर हातात असतो. मुदतवाढ फक्त कागदांना असते, देणं एप्रिलमध्येच भरायचं. एनआरओ (अनिवासी भारतीयाचं भारतातलं बँक खातं) आणि परदेशातली इतर खाती मिळून वर्षात कधीही 10,000 डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकी फॉर्म, भरावा लागतो. फ्लॅट स्वतः त्यात येत नाही.

कुलूप लावलं तर यातलं जवळपास काहीच नाही, शिवाय महापालिकेची स्वतः राहणाऱ्यांना मिळणारी 40 टक्के सवलत भाड्याने दिल्यावर जाते. तरीही साडेचार लाखांवर पाणी सोडण्याइतकं हे ओझं मोठं नाही, हे माझं स्पष्ट मत. फक्त फ्लॅट तुमच्या नावावर असताना भाडं वडिलांच्या खात्यात घेऊन टीडीएस टाळण्याचा मार्ग धरू नका. उत्पन्न मालकाचंच राहतं. लिव्ह अँड लायसन्स करार करण्याआधी भाडेकरूशी टॅनबद्दल बोला आणि टीडीएसचं कलम करारातच लिहून घ्या.