भिंत, चौथरा की कारंजं: शहराच्या कलेचे पैसे आधी कुठे घालायचे?

अंदाजपत्रकात ‘सुशोभीकरण’ असं एक खातं असतं. रस्ते-गटारांच्या आकड्यांपुढे ते किरकोळच, पण डोळा त्यावर सगळ्यांचा. तुम्ही प्रभाग समितीत असा किंवा निवेदन घेऊन जाणाऱ्या रहिवाशांत, हे पैसे साधारण तीन वाटांनी जातात. भिंती रंगवणं, नवा पुतळा किंवा शिल्प बसवणं, नाहीतर आधीपासून आहे ते दुरुस्त करणं. माझा कल तिसऱ्या वाटेकडे आहे, हे आधीच सांगून टाकतो.

भिंतीची गोडी कळण्यासारखी आहे. खर्च कमी, आठवड्यात काम, फोटो छान. आमच्या भागातल्या एका शाळेची कुंपणभिंत स्वच्छ सर्वेक्षणाच्या तोंडावर अशीच रंगली. मोर, वारली नाच, ओला कचरा-सुका कचरा. भिंतीला लागूनच टाकीचा पाइप गळत होता, त्याकडे कुणी पाहिलं नाही. पहिल्या पावसात पिसाऱ्याखाली पापुद्रे सुटले, दिवाळीपर्यंत गिलाव्यासकट पिसारा खाली. आता तिथे मोराचे पाय तेवढे आहेत. दोष रंगाचा नव्हे. आधी ओल बंद करायची, गिलावा वाळू द्यायचा, मग प्रायमर आणि मग चित्र, हा क्रम उलटा झाला. शिवाय काम चौरस फुटाच्या दराने दिलं की चित्रकाराचा फायदा भिंत लवकर संपवण्यात असतो. मग सगळ्या गावांत तोच मोर दिसतो यात नवल काय?

तरी चांगल्या भिंती आहेत. फिलाडेल्फियात १९८४ साली भिंती रंगवायचा कार्यक्रम सुरू झाला तो भिंती खरडणाऱ्या पोरांनाच हाताशी धरून. आज त्या शहरात हजारो भित्तिचित्रं आहेत. मुंबईत २०१७ साली ससून डॉकवर कलाप्रकल्प झाला, तेव्हा तिथल्याच कोळी मंडळींचे भलेमोठे चेहरे इमारतीवर लागले. दोन्हीकडे भिंतीसमोर राहणारा माणूस चित्रात तरी होता, नाहीतर चित्र काढणाऱ्यांत.

पुतळ्याचं गणित निराळं. भिंत चुकली तर चुना फासता येतो, पुतळा चुकला तर हात लावायची कुणाची छाती होत नाही. रस्ते आणि पदपथ यांवर नवे पुतळे उभारायला परवानगी देऊ नका, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्येच राज्यांना बजावलेलं आहे. म्हणजे पहिला प्रश्न जागेचा. दुसरा वेळेचा. मातीचं मॉडेल, त्याची मंजुरी, साचा, ब्राँझचं ओतकाम, जोडकाम आणि चौथरा ही कामं जयंतीची तारीख बघून भराभर उरकत नाहीत. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा ३५ फुटी शिवपुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उघडला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेही भरले नव्हते.

पण पुतळाच नको असं म्हणणाऱ्याने कोल्हापूरचा बिंदू चौक बघून यावा. महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे तिथले अर्धपुतळे ९ डिसेंबर १९५० चे, म्हणजे बाबासाहेबांच्या हयातीतले. आकाराने लहान, माणसाच्या नजरेच्या टप्प्यात. चौकाचं सभा-मोर्चांशी नातं आहे, म्हणून पुतळेही जागते राहिले. फुटांची चढाओढ सुरू झाली की नेमकं हेच सुटतं.

आणि एकदा बसवलेलं काढणंही सोपं नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझ भित्तिशिल्प १९७९ मध्ये उखडून गोदामात टाकलं गेलं. सहगल कोर्टात गेले. २००५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेलं शिल्प त्यांना परत करायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. म्हणून चित्र असो की शिल्प, ते किती वर्षांसाठी आहे आणि काढायचं झालं तर कुणाला विचारून, हे करारात लिहिलेलं असावं.

आता दुरुस्ती. हिला नारळ फोडायला कुणी उत्सुक नसतं, कारण कोनशिलेवर नाव आधीच दुसऱ्याचं असतं. पण नवी जागा लागत नाही, वादही कमी. मुंबईचं फ्लोरा फाउंटन १८६४ चं. त्याच्या कोरीव दगडावर वर्षानुवर्षं रंगाचे थर चढवले गेले होते. ते काढून, गळती थांबवून, नळ बदलून २०१९ च्या जानेवारीत कारंजं पुन्हा सुरू झालं. शहरातल्या काही जुन्या प्याऊंनाही (दगडी पाणपोयांनाही) असंच पुन्हा पाणी आलं आणि तहानलेला माणूस त्यांच्याशी थांबू लागला. नव्या शिल्पाशी कोण थांबतं? सेल्फीवाले. (थोडा अन्याय करतोय, मान्य. मुंबईतला काळा घोडा, म्हणजे सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा, १९६५ मध्ये राणीच्या बागेत हलवला तरी चौकाचं नाव तेच राहिलं, आणि २०१७ मध्ये तिथे स्वाराविना नवा घोडा उभा राहिला, तो मला आवडतो.)

दुरुस्तीत धोका एकच: सर्वांत कमी दराची निविदा. दगडाचं काम न येणारा ठेकेदार बेसॉल्टवर ऑइल पेंट मारून मोकळा होतो, आणि तो रंग काढायला मूळ कामापेक्षा जास्त पैसे जातात.

माझ्या हाती असतं तर पहिल्या वर्षी काही नवं करण्याआधी प्रभागातल्या सगळ्या पुतळ्यांची, कारंज्यांची, प्याऊंची, रंगवलेल्या भिंतींची यादी केली असती. कुठे काय तुटलंय, कुठे पाणी झिरपतंय. निम्मे पैसे त्यात. उरलेल्यांतून दोन-तीनच भिंती, कोरड्या, आणि चित्रकाराचं मानधन ठोक, फुटावर नाही. देखभालीचे पैसे त्याच आदेशात बाजूला काढलेले. नवा पुतळा हवाच असेल तर तिसऱ्या वर्षी, मातीचं मॉडेल महिनाभर चौकात लोकांसमोर ठेवून. आणि शाळेच्या त्या भिंतीला हात लावण्याआधी प्लंबर.